शेवरदऱ्याची गिनती

पोस्टकार्ड वाचून कणसे सर मटकन खुर्चीत बसले, तसं स्वयंपाकघरात शालूबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं.

"आवं, कोन गेलं का?"

"कुणीसुद्धा गेलं नाही!" सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "सलग तिसरा आठवडा. एक जनावर मेलं नाही, एक हरवलं नाही, एकालाही वाट चुकायची बुद्धी झाली नाही. जेवढी खाली गेली तेवढीच्या तेवढी वर आली!"

"मग ग्वाडच झालं की. जितराबं सुखरूप परत आली तर तुमच्या का पोटात दुखाय लागलंय?"

ह्या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते प्रबंधाएवढं लांब होतं आणि तिकडं चपाती तव्यावर करपत होती.

जोतीराम कणसे सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. शिकवत म्हणजे पहिल्या वर्षाच्या पोरांकडून बेडूक फाडून घेत. इतकी वर्षं इतके बेडूक फाडून झाले होते की कुठं डबक्याकडेला डराव डराव ऐकू आलं तरी आपल्याच नावानं कुणीतरी बोंब मारतंय असं त्यांना वाटे. प्रिन्सिपॉलसाहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, "कणसे, पीएच.डी. व्हा, वरचे वर्ग देतो. नाहीतर बेडूक आहेतच." आणि पीएच.डी.ची नोंदणी येत्या मे महिन्यात संपत होती. एकदा संपली की संपली. मग जन्मभर बेडूक.

विषय मात्र सरांनी मोठा नामी काढला होता. पाटणच्या पलीकडं डोंगरात शेवरदरा नावाचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला सपाट रान, खाली खोल दरा आणि दऱ्यात उन्हाळ्यातही न आटणारं पाणी. वरून खाली उतरायला एकच चिंचोळी खिंड. दिवस कलला की सांबरं, भेकरं, रानडुकरं त्या खिंडीतून एकामागं एक पाण्यावर उतरत आणि पहाटेकडे परत वर चढत. पण सगळी परत चढत नसत. काही खालच्या अंगानं कोयनेकडं निघून जात, काहींना बिबट्या ठेवून घेई. किती उतरली, किती चढली आणि मधल्यामध्ये किती गळाली, ह्या फरकावर सरांचा अख्खा प्रबंध उभा होता. चार उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यांनी खिंडीवरच्या जांभळावर मचाण बांधून, मुंग्यांना अंग देऊन, एकेक जनावर मोजलं होतं.

ती मोजणी त्यांनी पुण्याला मार्गदर्शक डॉ. फणसळकरांपुढं ठेवली, तेव्हा डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे कशानं मोजलंत?"

"डोळ्यांनी, सर."

"डोळ्यांनी!" डॉक्टर असे दचकले, जणू कणसे सरांनी चोरीचा माल पुढं ठेवला होता. "अहो, डोळ्यांना झोप येते. भूक लागते. बायकोची आठवण येते. मध्येच दोन सांबरं निसटतात. कणसे, जमाना कुठला? मोजणी यंत्रानं करा, आकडे कॉम्प्युटरला द्या, मग माझ्याकडे या."

ह्याचं कारण असं, की पुण्यात एका संस्थेत नुकताच कॉम्प्युटर आला होता. एका दालनाएवढं ते धूड. त्याच्यासाठी खोली थंडगार केलेली, आत जाताना चपला बाहेर काढायच्या, आणि भोकं पाडलेली कार्डं त्याच्या तोंडात घातली की तो धडधडत लांबच्या लांब कागद ओकायचा. डॉ. फणसळकर आठवड्यातून दोनदा नुसतं बघायला जात. त्या खोलीतून बाहेर आलं की त्यांचा चेहरा अभिषेक करून आल्यासारखा दिसे.

सर सांगलीला परत आले ते थेट निजामभाईच्या दुकानात. निजाम रेडिओ दुरुस्त करी आणि लग्नसराईत लाऊडस्पीकर लावी. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कानामागची पेन्सिल काढून कान खाजवला आणि म्हणाला, "सर, कारखान्यात साखरेची पोती मोजायचं यंत्र हाय न्हवं, तसलं एक भंगारात पडलंय. इकडनं उजेड, तिकडं डोळा. मधनं पोतं गेलं की खट्. आता डोळ्याला काय, पोतं काय आन् सांबर काय!"

"पण वर गेलं का खाली गेलं, ते कसं कळणार?"

"दोन डोळं लावू. कुटला आदी झाकला त्यावरनं कळतंय. खाली जानाऱ्याला एक आकडा, वर येनाऱ्याला दुसरा. फकस्त डोळं पोटाच्या उंचीवर बसवाय लागतील. पायापाशी बसवलं तर येका सांबराची चार व्हत्याल."

निजामभाईनं ते खरंच करून दाखवलं. खिंडीच्या दोन्ही बाजूंना खांब, खांबांवर डोळे, ट्रॅक्टरची बॅटरी आणि एका पत्र्याच्या पेटीत दोन फिरते आकडे. ते चालवायचं, जपायचं आणि दर आठवड्याला आकडे कळवायचे, ह्यासाठी सरांनी शेवरदऱ्याच्या केरबा हवालदारांना नेमलं. केरबा पलटणीतून निवृत्त होऊन आलेले. मिशी पांढरी, पाठ बंदुकीसारखी ताठ. अशा माणसाच्या हाती यंत्र सोपवून सर निर्धास्त झाले. निघताना फक्त एवढंच म्हणाले, "हवालदार, आकड्यांत गफलत चालायची नाही हं. माझं सगळं आयुष्य ह्यावर आहे."

"फिकीर नको, साब. केरबाच्या गिनतीत आजवर फरक पडला न्हाई," हवालदार म्हणाले आणि त्यांनी खाडकन सलाम ठोकला.

हे वाक्य सरांनी त्याच वेळी नीट ऐकायला हवं होतं.

तीन पोस्टकार्डांचे आकडे घेऊन सर धास्तावतच पुण्याला गेले. कार्डांना भोकं पडली, कॉम्प्युटर धडधडला, कागद बाहेर आला. कागदावर फरकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्यं. कणसे सरांनी कागद उलटा करून बघितला, डॉ. फणसळकरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कणसे! हा निसर्गाचा समतोल आहे! जेवढे गेले तेवढे आले! आजवर कुणाला दिसला नव्हता, यंत्राला दिसला."

"पण सर, मी स्वतः बिबट्यानं मारलेली भेकरं पाहिलीत..."

"डोळ्यांनी?"

"डोळ्यांनी."

"मग सोडून द्या. प्रबंधाचं नाव बदला. मी येत्या रविवारी जीप घेऊन शेवरदऱ्याला येतोय. यंत्र बघतो आणि तिथंच सही करतो."

सर शनिवारीच शेवरदऱ्यात जाऊन थडकले. खिंडीच्या तोंडाशी पोचायच्या आधीच त्यांना रंगूबाईचा आवाज ऐकू आला.

"तुमच्या गिनतीला आग लागली! माझ्या शेरड्या रोज सकाळच्या पारी खाली-वर, खाली-वर! चालून चालून त्यांचं दूध आटलंय. आवं केरबा भावजी, त्या काय पलटनीत भरती झाल्यात व्हय?"

"रंगू, आज शेवटच्या तीन दे. तीन नफर कमी पडाय लागल्यात."

"कालबी शेवटच्याच म्हनला हुता!"

सर जांभळाच्या बुंध्याला धरून उभे राहिले. खालच्या रस्त्यानं लांबचा वळसा घालून दऱ्यात आणलेल्या शेळ्या खिंडीतून वर चढत होत्या आणि पेटी आनंदानं खट् खट् करत होती.

"हवालदार! हे काय चाललंय?"

हवालदारांनी सलाम ठोकला. "गिनती जुळवतोय, साब. रातच्याला गेली एकवीस, सकाळी आली अठरा. तीन गायब. असा रिपोट वर धाडायचा? पलटनीत संध्याकाळच्या गिनतीत येक जवान कमी निगाला तर सुभेदारसाब सारी कंपनी उभी ठेवायचा. म्या म्हनलं, सायबाचं आयुष्य हाय ह्यावर."

"अहो, तोच तर माझा प्रबंध आहे! किती परत आली नाहीत, तेच तर मला हवंय!"

"मंजी गायब झालेलीच पायजेत?" हवालदारांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच संशय आला. असला अधिकारी त्यांनी पलटणीत पाहिला नव्हता.

"आन् ह्या शेरड्या ऐकत्यात व्हय?" रंगूबाई पुढं सरसावली. "तीन पायजेत म्हनून सोडल्या तर धा घुसत्यात. मग सात परत खाली. त्यांच्या मागं करडं. दुपार हुती गिनती जुळूस्तवर. परवा येकच कमी पडलं आन् माझी येकबी शेरडी हलंना, तर हे सोता गुडघ्यावर रांगत वर आलं! आख्ख्या आळीनं बगितलं!"

"ताठ चाललं की दोन मांड्यांची दोन हुत्यात," हवालदारांनी तांत्रिक खुलासा केला. "म्हनून रांगायचं."

सर मटकन दगडावर बसले. निसर्गाचा समतोल म्हणजे रंगूबाईच्या शेळ्या आणि हवालदारांचे गुडघे! उद्या फणसळकर येणार. सरांचा सगळा संयम तिथंच संपला.

"ऐका! आजपासून जनावरांची गिनती जुळवायची नाही! समजलं? यंत्र म्हणेल ते खरं. त्यात कुणी हात घालायचा नाही, पाय घालायचा नाही, शेळी घालायची नाही!"

"जी साब. जनावरांची जुळवायची न्हाई. यंत्र म्हनंल ते खरं." हवालदारांनी हुकूम दोनदा पुटपुटून पाठ केला. "आन् मानसांची?"

"माणसांची काय, खुशाल जुळवा हो!" सर वैतागून ओरडले आणि मुक्कामाला शाळेच्या व्हरांड्यात निघून गेले.

रविवारी सकाळी डॉ. फणसळकरांची जीप खिंडीच्या वरच्या अंगाला येऊन उभी राहिली. डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण, पायात नवे कॅनव्हासचे बूट. जीपमधून उतरून ते यंत्रापुढं असे उभे राहिले की आता बूटही काढतात की काय असं सरांना वाटलं.

"सर, ह्या आकड्यांबद्दल मला थोडं..."

"नंतर! आधी मी स्वतः यंत्राची परीक्षा घेणार. हवालदार, जनावर कसं जातं?"

"रांगत, साब."

डॉक्टर आनंदानं गुडघ्यांवर बसले आणि दोन डोळ्यांमधून रांगत खाली गेले. खट्! पेटीतला आकडा फिरला. डॉक्टर खालून टाळ्या वाजवत ओरडले, "कणसे, माझी नोंद झाली! तुम्हीही या!"

मार्गदर्शकाची आज्ञा. सरही रांगत गेले. खट्!

दऱ्यात पाण्याकाठी चिखलात बिबट्याचे ताजे ठसे होते आणि झुडपाखाली एका भेकराची शिंगं, कवटी आणि चार हाडं. डॉक्टरांनी ती काठीनं उलटून बघितली.

"हे इथं कसं? तक्त्यात तर फरक शून्य आहे."

तेव्हा सरांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. शेळ्या, करडं, गुडघे, सगळं. ऐकताना डॉक्टरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"म्हणजे मी शेळ्या बघून रडलो?"

"सर, माझी खरी मोजणी आहे ना. चार उन्हाळ्यांची..."

"पुरे! मे महिन्याची वाट बघायचं काही कारण नाही. उद्या पुण्याला पोचलो की तुमची नोंदणी रद्द. जा, बेडूक फाडा!" डॉक्टरांनी वर बघून ड्रायव्हरला हाक मारली, "अरे, जीप खालच्या रस्त्यानं घेऊन ये! मी हा चढ चढणार नाही."

वरून ड्रायव्हरचा केविलवाणा आवाज आला, "किल्ली हवालदारसायबांनी घितलीया! मीबी पलटनीत साधा शिपाई हुतो साहेब, त्यांनी मागितली, म्या दिली."

पाठोपाठ हवालदारांचा पलटणी आवाज दऱ्यात घुमला. "साब! यंत्रात दोन नफर खाली हायत! हितनंच वर या, मंग किल्ली!"

डॉक्टर चढले. धापा टाकत, शिव्या गिळत, दर दहा पावलांवर टोपी सावरत खिंडीच्या तोंडाशी आले आणि ताठ चालत पुढं निघाले, तसा हवालदारांनी सोटा आडवा धरला.

"रांगत, साब."

दात ओठ खाऊन डॉक्टर रांगले. पेटी गप्प. हवालदारांनी पेटीला कान लावला.

"खट् न्हाई झालं. परत येकडाव."

डॉक्टर खाली गेले, परत रांगत आले. पेटी गप्प. तिसऱ्या वेळी टोपी गडगडत दऱ्यात गेली, पण खट् काही झालं नाही. कसं होणार? तीन आठवडे शेळ्यांनी सकाळ-दुपार खटखट करून बॅटरीचा जीव घेतला होता. शेवटची धुगधुगी होती ती सकाळी दोन प्राध्यापक खाली पाठवण्यात खर्ची पडली.

"यंत्र मेलंय, गाढवा!" डॉक्टर गुडघे चोळत ओरडले. "मी वर आलोय! तुझ्यासमोर उभा आहे!"

"मला दिसतंय, साब. यंत्राला न्हाई दिसत. यंत्राच्या हिशेबानं तुमी खालीच हायसा, आन् यंत्र म्हनंल ते खरं, असा हुकूम हाय."

"कुणाचा हुकूम?"

"कनसे सायबांचा. मानसांची गिनती जुळवा, हेबी त्यांचंच."

डॉक्टर गर्रकन वळले. कणसे सर अजून खांबांच्या खालच्या अंगाला, आपली रांगायची पाळी येण्याची वाट बघत उभे होते.

"कणसे! सांगा ह्या माणसाला! मी वर पोचलोय, तुम्हाला दिसतंय ना?"

सर आयुष्यात कुणाला उलट बोलले नव्हते. आताही बोलले नाहीत. नुसतं आदबीनं म्हणाले, "दिसतंय सर. पण डोळ्यांनीच दिसतंय."

ड्रायव्हरनं तोंड फिरवून मिशीत हसून घेतलं. डॉक्टरांनी आपल्या फाटलेल्या गुडघ्यांकडं पाहिलं, सोट्याकडं पाहिलं, हवालदारांच्या मुठीतल्या किल्लीकडं पाहिलं. पुणं फार लांब होतं.

"बरं," ते शेवटी पुटपुटले. "डोळे चालतील."

"आणि नोंदणी, सर?"

"नोंदणीही राहील! तुमच्या जांभळावरच्या मोजणीवर लिहा प्रबंध! आता सांगा त्याला!"

"लिहून दिलंत तर बरं, सर. हवालदारांना तोंडी चालत नाही."

डॉक्टरांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून खरडलं, 'प्रत्यक्ष डोळ्यांनी केलेली मोजणी ग्राह्य', खाली सही केली आणि कागद खांबांवरून पलीकडं दिला. सरांनी तो वाचला, घडी घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला आणि सावधान उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "हवालदार, डॉ. फणसळकर वर आले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"जी साब! आफिसरनं बगितलं, गिनतीला चालतंय!" सलाम झाला, किल्ली दिली गेली आणि पुढच्या क्षणी जीप धुरळा उडवत वळणाआड गेली. डॉक्टरांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

कणसे सरांनी लांब श्वास सोडला. आयुष्यातले सगळे बेडूक त्यांच्या डोळ्यांपुढून उड्या मारत दिसेनासे झाले. डॉक्टर जोतीराम कणसे! संध्याकाळच्या यष्टीनं निघालं तर उद्या सकाळी शालूबाईला सांगता येईल. ते गुणगुणत खांबांच्या मधून वर निघाले.

सोटा आडवा आला.

"थांबा साब. येक नफर अजून खाली हाय."

"अहो, तो मीच!"

"व्हय. पर तुमी वर आला हे बगितलं कुनी?"

"तुम्ही बघताय की!"

"मी हवालदार मानूस. माझ्या बगन्याला किंमत न्हाई. आफिसर पायजे."

सरांनी जीप गेली त्या वळणाकडं पाहिलं. धुरळासुद्धा खाली बसला होता.

"हे बघा हवालदार, हुकूम मी दिला होता, मी मागं घेतो."

"जो सोताच गिनतीत अडकलाय त्यानं हुकूम फिरवायचा नसतोय, साब. तसं चाललं तर पलटनच मोडंल," हवालदार समजुतीच्या सुरात म्हणाले. "ठरल्यापरमानं निजामभाई आज सांजच्या यष्टीनं दुसरी बॅटरी भरून आनतोय. तवर निवांत बसा."

सरांनी रागावून बघितलं, विनवून बघितलं, एकदा रडकुंडीलाही आले. मग खांबांच्या खालच्या अंगाला एका दगडावर बसले आणि खिशातला कागद पुन्हा एकदा वाचला. ऊन चढलं. हवालदार घरी जाऊन आले, फडक्यात बांधलेली भाकरी आणि झुणका त्यांनी सोट्याच्या टोकाला अडकवला आणि यंत्राच्या डोळ्यांसमोर हात येऊ नये म्हणून खांबांच्या वरून सांभाळून पलीकडं पोचवला.

"ही आपली येळ मारून न्यायला," ते म्हणाले. "गिनती जुळली की घरला जेवायला यायचं, साब. रस्सा टाकायला सांगितलाय."